पेट्रोल-रॉकेलवरचा लोखंड कटर : मांडावा कसा, पेटवावा कसा



हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते आणि गावोगावी ऊस-वाहतुकीच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती निघते. कोणाचा हूक तुटलेला असतो, कोणाच्या ट्रॉलीचा दांडा वाकलेला असतो, तर कोणाच्या साट्याचा पत्रा कुजून गेलेला असतो. पूर्वी ही कामे लोहाराच्या भात्यावर होत. आता निफाड, दिंडोरी, सिन्नर कोणत्याही रस्त्याला लागा, चार-दोन मैलांवर वेल्डिंगचे एखादे दुकान दिसतेच. त्यातली कितीतरी दुकाने आपल्याच सभासदांच्या आयटीआय झालेल्या मुलांची आहेत.

या मुलांकडून आणि काही सभासदांकडूनही वर्कशॉपमध्ये एक प्रश्न वारंवार येतो. "सातपूर-अंबडहून गॅसची टाकी आणायची, संपली की परत न्यायची, यात दिवस मोडतो. त्यापेक्षा पेट्रोलवर चालणारा कटर घेतला तर चालेल का हो?"

चालेल. असे कटर असतात आणि ते चांगले कामही देतात. मात्र गॅसकटर वापरणाऱ्याच्या हाताला ज्या सवयी असतात, त्यातल्या काही इथे बदलाव्या लागतात. त्या न बदलता कोणी पेट्रोलला काडी लावू नये, म्हणून हा लेख.

लोखंड वितळत नाही, जळते

प्रथम कटर काय करतो ते पाहू. पुष्कळांना वाटते, की ज्योतीने लोखंड वितळते आणि त्यामुळे कापले जाते. तसे नाही. ज्योतीचे काम फक्त लोखंड तापवायचे. ते भर लाल झाले, म्हणजे सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत आले, की कटरची मूठ दाबायची. मग नोझलच्या मधल्या भोकातून शुद्ध ऑक्सिजनची धार सुटते आणि त्या धारेत लोखंड चक्क जळू लागते. लोखंडी वस्तू पावसात वर्षभर पडली तर गंजते. तीच क्रिया इथे काही क्षणांत होते. खाली ठिणग्यांचा जो पाऊस पडतो, तो म्हणजे जळालेले लोखंड.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, खरे कापणारा ऑक्सिजन आहे. ॲसिटिलीन, एलपीजी, पेट्रोल की रॉकेल, हा प्रश्न फक्त तापवण्यापुरता. ॲसिटिलीनची ज्योत सर्वांत कडक, सुमारे ३१०० अंशांची. बाकीच्या ज्योती तिच्यापेक्षा थोड्या मऊ, पण लोखंड लाल करायला पुरेशा. दुसरी, जे अशा रीतीने जळत नाही ते या कटरने नीट कापले जात नाही. बीड, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांवर उगाच ऑक्सिजन वाया घालवू नये.

गॅसबत्तीचाच भाऊ

पेट्रोल-रॉकेलवरचा कटर समजायला सोपा आहे, कारण त्याचे कुळ आपल्या ओळखीचे आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवलेली गॅसबत्ती आठवा, किंवा घरातला पंप मारायचा पितळी स्टोव्ह. या जातीचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास लिंडक्विस्ट यांनी केला आणि प्रायमस नावाने तो जगभर गेला. त्यात टाकीत रॉकेल असते, पंपाने हवेचा दाब द्यायचा, आधी स्पिरिटने नळी तापवायची. नळी तापली की रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत लागते. नळी पुरती तापायच्या आत रॉकेल सोडले तर काय होते, हे घरातल्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. पिवळा भडका होतो आणि काजळी धरते.

कटरमध्ये हेच घडते. एका भक्कम टाकीत इंधन असते. हातपंपाने दाब दिला की ते नळीतून पातळ स्वरूपातच कटरच्या डोक्यापर्यंत जाते. तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती ऑक्सिजनमध्ये मिसळते आणि नोझलच्या तोंडाशी जळते. डोके थंड असेल तर वाफ होणार नाही, तेलच ठिबकेल. पेटवण्याची सारी रीत या एका गोष्टीभोवती फिरते.

याचा एक मोठा फायदा आहे. ॲसिटिलीन हा गॅस मुळातच चिडका. नळीत त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या वर गेला तर तो हवेशिवायही फुटू शकतो, आणि ज्योत उलटी शिरली तर नळीतून मागे धावू शकते. पेट्रोलच्या नळीत पातळ पेट्रोलच भरलेले असते, त्यात ऑक्सिजन नसतो. त्यामुळे ज्योत नळीतून टाकीपर्यंत जाण्याची भीती पुष्कळ कमी होते.

पण एका खिशातली भीती काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे आहे. गॅस गळला तर वासाने कळतो आणि उघड्यावर उडून जातो. पेट्रोल गळले तर त्याची वाफ हवेहून तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात, गटारात आणि सर्व्हिसिंगच्या चरात साचते, आणि लांबच्या ठिणगीवरही पेट घेते. कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेटण्याजोगी असते. रॉकेल त्या मानाने शांत. पण त्याची वाफही साधारण ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात उन्हात ठेवलेली लोखंडी टाकी तेवढी सहज तापते. म्हणून टाकी नेहमी सावलीत ठेवावी.

मांडणी

कटर पेटवण्याआधीची दहा मिनिटे सर्वांत मोलाची.

१. जागा. उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा ठिकाणी काम करावे. ठिणग्या घरंगळत दहा-अकरा मीटरपर्यंत जातात. तेवढ्या टापूत पाचट, चिपाड, गोणपाट, डिझेलचा डबा, रंग असे काही नको. इंधनाची टाकी कापायच्या जागेपासून निदान पाच मीटर लांब, आणि ठिणग्या जिकडे पडणार त्याच्या विरुद्ध बाजूला. जवळ वाळूच्या दोन बादल्या आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, पाण्यावर तरंगून पेट्रोल आग पसरवते.

२. ऑक्सिजनचा सिलिंडर. काळ्या रंगाचा. भरलेला असताना आत चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात साधारण एक किलो हवा असते, यावरून अंदाज करा. सिलिंडर उभा ठेवून साखळीने बांधावा. आडवा लोळवू नये, ट्रॉलीतून टोपीशिवाय आणू नये.

रेग्युलेटर बसवण्याआधी सिलिंडरचे तोंड माणसांपासून दुसरीकडे करून व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करावा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर बसवावा. त्याचा दाबाचा स्क्रू आधी सैल असला पाहिजे. नंतर बाजूला उभे राहून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. गेजच्या समोर तोंड नेऊ नये.

३. तेल-ग्रीस अजिबात नाही. हा नियम काळ्या दगडावरची रेघ समजावा. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब लागला तर काडी न लावताही पेट घेऊ शकतो. एकदा एका पोराने रेग्युलेटरचा आटा घट्ट जातो म्हणून त्याला ग्रीसचे बोट लावताना मी पाहिले. त्याच्या दृष्टीने तो काळजीच घेत होता, कारण प्रत्येक आट्याला ग्रीस लावावे असेच त्याला शिकवलेले. व्हॉल्व्ह उघडायच्या आत दिसले म्हणून बरे. ट्रॅक्टरचे काम करून आलेले हात साबणाने धुतल्याशिवाय ऑक्सिजनच्या कशालाही लावू नयेत.

४. इंधनाची टाकी. ती कटरच्या कारखानदाराने दिलेली, दाबाला तपासलेली, गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलीच हवी. फवारणीच्या पंपाची टाकी किंवा जुना सिलिंडर जोडून जुगाड करू नये. इंधन उघड्यावर, ज्योतीपासून लांब, गाळून भरावे आणि वरचा पाव भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. दाब फक्त हातपंपाने द्यावा. कॉम्प्रेसर लावू नये, आणि ऑक्सिजन तर कधीही नाही. पेट्रोलच्या टाकीत ऑक्सिजन भरणे म्हणजे स्वतःच्या हाताने बॉम्ब तयार करणे. पेट्रोलच्या कटरात पेट्रोलच, रॉकेलच्या कटरात रॉकेलच. अदलाबदल नको.

५. नळ्या. ऑक्सिजनची निळी, इंधनाची लाल. पण इथे लाल रंग पाहून फसू नये. ॲसिटिलीनची साधी रबरी नळी पेट्रोलने फुगते आणि आतून विरघळते. या कटरासाठी पेट्रोलला टिकणारी नळीच पाहिजे. ऑक्सिजनच्या बाजूला कटरपाशी उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर इंधन ऑक्सिजनच्या नळीत शिरेल. जोड झाल्यावर ऑक्सिजनच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, इंधनाच्या सांध्यांवर ओल आहे का ते कोरड्या बोटाने पाहावे. ओल दिसली की काम थांबले.

६. अंगावर सुती कपडे. नायलॉन-टेरिकॉट नको, ते जळून कातडीला चिकटते. विजारीचे पाय दुमडू नयेत, दुमडीत ठिणगी बसते. काळा गॉगल, चामडी हातमोजे, चामडी बूट. चपलेवर कटर धरणारा शूर नसतो.

पेटवण्याची रीत

प्रत्येक कंपनीच्या कटरात थोडा फरक असतो. म्हणून किती दाब, किती वेळ तापवायचे, हे बरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणेच. पण क्रम साधारण असा :

कटरवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत हे आधी पाहावे. टाकीला पुस्तिकेत दिलेला दाब द्यावा. रेग्युलेटरवर ऑक्सिजनचा दाब नोझलच्या नंबराप्रमाणे ठेवावा. कटरचे तोंड खाली आणि टाकी-सिलिंडरपासून दुसरीकडे. प्रथम तापवण्याच्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडावा, मग इंधनाचा किंचित, आणि लगेच बाजूने चकमकीच्या लायटरने पेटवावे. काडेपेटी नको, बोटे ज्योतीत जातात. खिशातला सिगारेटचा लायटर तर कामाच्या जागी आणूच नये.

सुरुवातीची ज्योत पिवळी आणि फुरफुरणारी असेल. घाबरू नये आणि घाईही करू नये. स्टोव्ह तापायची वाट पाहतो तशीच ही वाट. नोझल एखाद्या जाड लोखंडी प्लेटसमोर तिरपे धरले की ज्योतीची धग परत येऊन डोके तापते. फुरफुर थांबून आवाज एकसारखा झाला, की थोडा ऑक्सिजन, थोडे इंधन असे आळीपाळीने वाढवावे. नोझलच्या तोंडाशी लहान, टोकदार, स्वच्छ कळ्या दिसल्या की ज्योत जमली. मग मूठ एकदा दाबून मधली धार सरळ येते का ते पाहावे.

ज्योत लागण्याऐवजी नोझलमधून तेल ठिबकू लागले, तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद. खाली सांडलेले पुसून घ्यावे, वाफ उडून जाऊ द्यावी, पुसलेली चिंधी लांब न्यावी, आणि मगच पुन्हा प्रयत्न. "आता लागेल, आता लागेल" म्हणत सांडलेल्या पेट्रोलावर लायटर चालवणे, हीच खरी घात होण्याची वेळ.

विझवण्याची रीत

काम झाले की मूठ सोडावी, आधी इंधन बंद करावे, मग ऑक्सिजन. मागून येणारा ऑक्सिजन डोक्यात राहिलेले इंधन बाहेर काढतो. पण एक अपवाद पक्का ध्यानात ठेवा. कटरमध्ये फट् असा बार होऊन ज्योत आत गेली आणि आतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर आग कटरच्या पोटात जळते आहे. तिला जगवतो तो ऑक्सिजन, म्हणून त्या वेळी आधी ऑक्सिजन बंद आणि लगोलग इंधन. कटर थंड झाल्यावर नोझल साफ करावे आणि बार का झाला ते शोधावे. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नये.

दिवसाअखेर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, टाकीचा व्हॉल्व्ह बंद, टाकीतला दाब उघड्यावर सोडून द्यावा, नळ्या मोकळ्या कराव्यात, रेग्युलेटरचा स्क्रू सैल करावा. आणि लगेच घरी जाऊ नये. कापलेल्या जागेवर अर्धा-एक तास नजर ठेवावी. चिपाडात शिरलेली ठिणगी तासाभराने डोके वर काढते.

ऑक्सिजन म्हणजे हवा नव्हे

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला. कापायची कामे थांबली तेव्हा ही काळी टाकी किती मोलाची, हे सर्वांना समजले. पण काम चालू असते तेव्हा तिचा वापर कसाही होतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो थोडा जरी वाढला तरी सुती सदराही कापरासारखा पेटतो. म्हणून ऑक्सिजनने अंगावरची धूळ झटकू नये, उकाड्यात वारा घेऊ नये, डिझेलची लाइन साफ करू नये, चाकात हवा भरू नये आणि इंजिन चालू करायला तर मुळीच वापरू नये.

रिकामा ड्रम रिकामा नसतो

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे गुरांच्या पाण्यासाठी २०० लिटरचा जुना ड्रम मधोमध कापायची पद्धत आहे. ड्रम वर्षभर कोरडा पडलेला असतो, वासही येत नसतो. म्हणून कोणी कटर लावतो, आणि झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते.

हिशोब करून पाहू. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ती फुटू शकते. २०० लिटरच्या ड्रममध्ये तेवढी वाफ व्हायला पेट्रोल किती लागते? सुमारे १५ मिलीलिटर. म्हणजे चहाचे तीन चमचे! एवढे तर ड्रमच्या शिवणीत अडकून राहते. डिझेलचा किंवा ऑइलचा ड्रम असला तरी सुटका नाही. थंड असताना तो निरुपद्रवी वाटतो, पण कटरच्या धगीने आतला चिकट थर तापतो आणि वाफ तिथेच तयार होते. औषधाचे आणि स्पिरिटचे ड्रम, ट्रॅक्टरची डिझेल टाकी, मळीची टाकी, सर्वांना हाच न्याय. ग्राइंडरची ठिणगीही तेवढीच घातक.

म्हणून ज्या भांड्यात कधी तेल, इंधन किंवा रसायन होते, त्याला कटर लावायचाच नाही. वाफेने आणि पाण्याने धुऊन, तपासून असे काम करण्याची पद्धत आहे, पण ती कारखान्यातल्या तज्ज्ञ माणसांसाठी. गावातल्या दुकानासाठी नव्हे. गुरांसाठी सिमेंटचा हौद बांधा. तो ड्रमपेक्षा जास्त टिकतो.

असाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे चाकाची डिस्क. टायर चढवलेला असताना डिस्क तापवू किंवा कापू नये. हवा सोडलेली असली तरी आतले रबर तापून त्याचा गॅस होतो आणि टायर फुटतो. आधी टायर उतरवावा, मगच ज्योत. जस्ताच्या पाइपावर काम करताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे.

कायद्याचे दोन शब्द

पेट्रोल आणि दाबाचे सिलिंडर यांवर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियंत्रण असते. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना फार तर ३० लिटर ठेवता येते. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये आणू नये. आणि ज्यांचा कटर एलपीजीवर आहे, त्यांनी घरचा लाल सिलिंडर दुकानात वापरू नये. तो बेकायदा आहेच, शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनीही हात वर करते.

चुकून कोणी भाजलेच, तर जळता कपडा विझवून भाजलेल्या भागावर निदान २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. चिकटलेला कपडा ओढू नये आणि लगेच १०८ ला फोन करावा.

सभासद बंधूंनो, हंगामात ट्रॉली वाटेत मोडते, मागे गाड्यांची रांग लागते, ऊस वाळत असतो आणि चारी बाजूंनी "लवकर करा" असा गलका होतो. कटर धरणारे पोर बहुधा विशी-बाविशीचे असते. मोठ्यांच्या गलक्यापुढे ते वरची दहा मिनिटे गाळून टाकते. त्या वेळी आपण मालक म्हणून एवढेच म्हणावे, "सावकाश कर बाळा, आम्ही थांबतो." ऊस चार तास उशिरा गव्हाणीत पडला तर वजनात थोडी घट येईल. ती भरून काढता येते.